खांबामागची खुर्ची

३ जानेवारी, शनिवार

लेन्स कंपनीच्या माणसाने दरवर्षीप्रमाणे डायरी आणून दिली. एरवी ती दुकानात काउंटरखाली पडून राहते आणि वर्षअखेरीस बायको तिची पानं फाडून वाणसामानाच्या याद्या करते. यंदा मी लिहायचं ठरवलंय. आमचा फुटबॉल क्लब बुडायच्या बेतात आहे, वर्तमानपत्रात त्यावर चार ओळी येतात आणि त्याही चुकीच्या. कुणीतरी नीट लिहून ठेवायला हवं.

आज ०-३. तिन्ही गोल दुसऱ्या हाफमध्ये खाल्ले. कारण मला माहीत आहे. दादाने जागा बदलली नाही.

आमच्या दोन खुर्च्या बाविसाव्या रांगेत आहेत, सात नंबर आणि आठ नंबर. सात नंबरसमोर छपराचा लोखंडी खांब येतो. तिथून मैदानाच्या ज्या टोकाला मोठं घड्याळ आहे तिकडचा गोल दिसत नाही, बाकी सगळं मैदान दिसतं. म्हणून त्या खुर्च्या स्वस्त होत्या, आणि म्हणूनच एकोणीस वर्षांच्या दादाला पाणीखात्यातल्या पहिल्या पगारात दोघांची वर्षभराची तिकिटं परवडली. मी नऊ वर्षांचा होतो. पहिल्याच सामन्यात शेवटच्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला. तो आत जाताना मी पाहिला आणि असा रडलो की बसमधले लोक दादाकडे संशयाने बघायला लागले. घरी जेवलो नाही. पुढचे दोन दिवस शाळेत गेलो नाही. त्यानंतरच्या सामन्याला दादाने शोध लावला की हाफटाइमला जागा बदलली की नशीब बदलतं. पहिला हाफ खांबामागे तो, दुसरा हाफ मी. त्या दिवशी २-१ जिंकलो. त्याला आता अडतीस वर्षं झाली.

नियम मात्र मी केले. नुसतं सरकून चालत नाही. दोघांनी खाली उतरायचं, चहावाल्या मावशीच्या काउंटरवर उभ्याने चहा घ्यायचा, वर यायचं आणि मग बदललेल्या जागी बसायचं. सरकणं ही फसवणूक आहे. खांब निम्मा त्याचा, निम्मा माझा. आमच्या घरात इतकी सरळ वाटणी दुसरी कुठलीच झाली नाही. वडील गेले तेव्हा दादाला घर मिळालं आणि मला चष्म्याचं दुकान. आई घराबरोबर दादाकडे राहिली, पुढे अकरा वर्षं अंथरुणावर होती. पण तीन खोल्यांचं घर ते घरच. असो.

आज हाफटाइमला मी उठलो तर दादा म्हणाला, “तू जाऊन ये. मी इथेच बरा आहे.”

नोव्हेंबरपासून ही चौथी वेळ. आणि चारही वेळा हरलो.


८ जानेवारी, गुरुवार

खेळाडूंना ऑक्टोबरपासून पगार नाही, हे आता अधिकृत. प्रशिक्षक स्वतः बसचं डिझेल भरतो म्हणे. आम्ही बाविसाव्या रांगेतल्या मंडळींनी ठरवलंय की प्रत्येकाने आपापल्या हातातलं काम क्लबला द्यायचं. आमच्या मागे बसतो तो बसवाला सुट्टीच्या दिवशी संघाची बस फुकट चालवणार आहे. चहावाल्या मावशीने काउंटरची वीज तोडली तेव्हा घरचा स्टोव्ह आणला. मी दुकानाच्या काचेवर कागद लावला: ‘क्लबच्या खेळाडूंची नेत्रतपासणी मोफत.’

बायको म्हणाली, “गोल होत नाहीत ते काय डोळ्यांमुळे?”

आज संध्याकाळी नऊ नंबर आला. आमचा गोल करणारा, म्हणजे करायचा तो. ऑक्टोबरपासून कोरडा आहे. खुर्चीत बसवला, चौकट चढवली, तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. तिसऱ्या ओळीला अडखळला. उजवा उणे सव्वा, डावा उणे दीड. मी आकडे पुन्हा तपासले. मग विचारलं, “तुला मैदानावर गोल दिसतो ना?” तो म्हणाला, “असतो तिथे कुठेतरी, अंदाज येतो.”

हे मी कुणालाही सांगणार नाही. त्याच्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्स मागवल्यात, माझ्याकडून.


१२ जानेवारी, सोमवार

दादा दुकानात आला. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला होता. अर्ध्या मिनिटाचं काम, पण तासभर बसला. बूट सैल करून बसला होता, म्हणाला नवे आहेत, चावतात, पाय सुजलेत. बूट मला जुनेच वाटले. मी जागा बदलण्याचा विषय काढला.

“तू मुद्दाम करतोस का?”

“अरे छोट्या, गुडघे कुरकुरतात. चव्वेचाळीस पायऱ्या आहेत त्या.”

“अडतीस वर्षं उतरलास.”

“म्हणून तर कुरकुरतात.”

मग स्वतःच म्हणाला, “इथल्या इथे सरकू या का?” मी म्हटलं, सरकून होत नसतं ते. तो म्हणाला, “हो, तेही खरं. नियम म्हणजे नियम.” आणि हसला. माणूस गंभीर गोष्टीवर हसतो याचा मला राग येतो.

तो गेल्यावर बायको म्हणाली, “दादांचा रंग किती उतरलाय.” मी म्हटलं, कुणाचा उतरला नाही? आपण तळाला आहोत.


१७ जानेवारी, शनिवार

आज सामना दुपारी दोनला. दिव्यांची वीज क्लबला झेपत नाही म्हणून यापुढे सगळे सामने दुपारीच. उन्हाला डोळे बारीक करून बसलो होतो.

वर जाताना दादा प्रत्येक वळणावर थांबला. कठड्याला धरून मैदानाच्या दिशेला तोंड करून उभा राहायचा. म्हणाला, “इथून किती छान दिसतं रे.” मलाही जरा भरून आलं. क्लब राहील न राहील, म्हणून तो डोळे भरून पाहून घेत असणार. बाहेरून दाखवत नाही, पण दादा मनाने हळवा आहे.

विसाव्या मिनिटाला गोल केला, आम्ही. आमचा संघ पहिला हाफ कायम घड्याळाच्या दिशेने खेळतो आणि दुसरा समोरच्या भिंतीच्या, ही क्लबची जुनी रीत. गोल झाला की सगळं स्टँड उभं राहतं आणि दादा माझी बाही ओढतो. “कसा मारला? कसा मारला?” मी त्याला सांगतो, पहिल्या पासपासून. आजही सांगितलं: आपल्या अकरा नंबरने कडेने बॉल काढला, दोघांना चकवलं, कीपर पुढे येतोय पाहून शांतपणे त्याच्या बाजूने सरकवला, बॉल गोलच्या खांबाला घासून आत. दादा डोळे मिटून ऐकतो आणि मान डोलवतो. मला वर्णन छान जमतं. लहानपणापासून दादा म्हणतो की गोल बघण्यापेक्षा तुझ्याकडून ऐकण्यात मजा आहे.

हाफटाइमला तो उठला नाही. मी एकटा खाली गेलो. मावशीने विचारलं, “बिनसाखरेचा कुठे?” वर आलो, आठ नंबरवरच बसलो, आणि दुसऱ्या हाफमध्ये चार गोल खाल्ले. चारही घड्याळाकडच्या गोलात, माझ्या डोळ्यांदेखत. इतकी वर्षं आपण गोल खातो हे माहीत होतं, पण या नोव्हेंबरच्या आधी असे लागोपाठ आत जाताना पाहिलेले आठवत नाहीत. घरी येऊन जेवलो नाही.

बायकोने ताट झाकून ठेवलं. म्हणाली, “तुम्ही नऊ वर्षांचे आहात का?”


३१ जानेवारी, शनिवार

लिहू नये असं वाटतंय, पण डायरी खरी लिहायची तर आजचंही लिहायला हवं.

जुन्याच जर्सी, त्यातही दोघांच्या पाठीवर आकडे चिकटपट्टीने केलेले. पाच चांगले खेळाडू विकले, त्यांच्या जागी शाळकरी वाटावीत अशी पोरं. नऊ नंबरच्या लेन्स परवा आल्या, पण तो म्हणतो सवय व्हायला वेळ लागेल, डोळ्यात टोचतात. हाफटाइमपर्यंत ०-०. मी दादाला म्हटलं, आज ऊठ. आज शून्य-शून्य आहे, आज उपयोग आहे. तो म्हणाला, “आज नको रे.” मी म्हटलं, धरून नेतो. तो म्हणाला, “नको म्हटलं ना छोट्या,” जरा जोरात. मग छातीवर हात ठेवून खोकत बसला. रागाने त्याला नेहमी खोकला येतो.

दुसऱ्या हाफमध्ये तीन. तिसऱ्याला मी त्याच्यावर ओरडलो. मागे बसवाला होता, पुढे एक मुलगी आईबरोबर होती, सगळ्यांसमोर.

“तुला काय! तू खांबामागे लपून बसलायस. तुला काही दिसत नाही. बघावं लागतं ते मला.”

दादाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, “बरोबर आहे तुझं. तुला नको होतं बघायला लागायला.”

हे उत्तर म्हणून दिलं की चिडवायला, मला कळलं नाही. सामना संपायच्या आधी मी निघून आलो. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. उतरताना वाटलं, तो एकटा कसा उतरेल, गुडघे दुखतात म्हणतो. पण परत वर गेलो नाही.


४ फेब्रुवारी, बुधवार

बायको वहिनीकडे जाऊन आली. आल्यापासून तिचं कशात लक्ष नाही. विचारलं तर म्हणाली, “एकदा जाऊन या दादांकडे.” मी म्हटलं, चुकी त्याची, त्याने यावं. ती म्हणाली, “चुकी कसली काढताय? मोठा भाऊ आहे तो तुमचा.” मी म्हटलं, मोठा म्हणूनच. मग ती चष्म्यांची फडकी घडी करत बसली. घडी केलेलीच होती, पुन्हा उलगडून केली.

काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि थांबते. वहिनीशी काही बिनसलं असेल. बायकांच्या भानगडीत पडू नये.


१४ फेब्रुवारी, शनिवार

दादा आला नाही.

सात नंबर रिकामी. मी आठवर. ०-५. बसवाल्याने विचारलं, “थोरले कुठे?” मी म्हटलं, कंटाळला. बसवाला म्हणाला, “ते कंटाळणारे वाटत नाहीत.” लोकांना काय, दुरून सगळे देवमाणूस दिसतात.

मैदानावर येणारे आता चार-पाचशे उरलोत. स्टँडमध्ये आवाज घुमतो. खेळाडू एकमेकांना काय बोलतात ते ऐकू येतं. नऊ नंबर एकदा घड्याळाकडच्या गोलासमोर एकटा सापडला आणि मारलाच नाही, थांबून बघत राहिला. मी समजू शकतो. एवढा स्पष्ट त्याने तो पहिल्यांदाच पाहिला असेल.


१५ फेब्रुवारी, रविवार

फोन केला. वहिनीने उचलला, म्हणाली, “भाऊजी, झोपलेत ते, उठले की—” तेवढ्यात मागून दादा म्हणाला, दे इकडे. आवाज खोल गेलेला. झोपेतला असेल, सकाळचे अकरा वाजले तरी.

मी बोलायचं ते बोलून घेतलं. म्हटलं, चांगल्या दिवसांत सगळेच येतात. जिंकत होतो तेव्हा मफलर घालून मिरवलास आणि आता तोंड फिरवलंस. वाटणीच्या वेळीही तसंच, बरं ते उचललंस आणि मोकळा झालास. हे शेवटचं बोलायचं नव्हतं, वीस वर्षं आत होतं, आलं बाहेर.

दादा म्हणाला, “हो रे. खरं आहे.”

भांडलाही नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं.


२१ फेब्रुवारी, शनिवार

सामना बाहेरगावी, म्हणून दुकानातच रेडिओ लावला. एक आजोबा मोतीबिंदूनंतरचा चष्मा करायला आले होते, त्यांना “हे बरं की ते बरं” विचारत होतो आणि तेवढ्यात गोल. आमचा. एक महिन्यानंतर. आजोबांच्या नाकावरची चौकट तशीच ठेवून मी नाचलो. ते बिचारे म्हणाले, “मला दोन्ही सारखीच दिसतायत.”

दोन मिनिटांनी फोन वाजला. दादाचा नंबर. वाजू दिला. पुन्हा वाजला. पुन्हा वाजू दिला. एक गोल झाला की लगेच आठवण आली का, म्हटलं. यायचं तर मैदानावर ये.

शेवटी १-२ हरलो.


२५ फेब्रुवारी, बुधवार

दादा गेला. काल सकाळी.


५ मार्च, गुरुवार

आठ दिवस काही लिहिलं नाही. दुकान बंद आहे. २८ तारखेचा सामना झाला म्हणे, कोण जिंकलं विचारलं नाही.

आज वहिनीकडे गेलो. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, मी आईच्या जुन्या स्टुलावर बसलो. तिने सगळं सांगितलं. रडली नाही. मला वाटतं तिचं आधीच रडून झालं होतं, ऑक्टोबरात, मी तिथे नसताना.

डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं की हृदय थकलंय, जिना चढायचा नाही. दादाने तिच्याकडून आणि मागाहून माझ्या बायकोकडून शब्द घेतला की हंगाम संपेपर्यंत मला कळू द्यायचं नाही. म्हणाला, त्याला क्लबचंच पुरे आहे. शनिवारी जाऊन यायचा आणि मंगळवारपर्यंत पडून असायचा. “चढून जायला पाऊण तास आधी निघायचे, भाऊजी. तुम्ही फाटकावर यायच्या आत पहिल्या वळणापर्यंत पोचून बसायचे, म्हणजे तुमच्यासमोर तेवढ्याच पायऱ्या कमी.” मला आठवलं, तो वळणावर माझी वाट बघत उभा असायचा. मी म्हणायचो, घाई काय होती तुला?

एकदा चढल्यावर पुन्हा उतरून चढणं त्याला शक्यच नव्हतं. आणि सरकून चालत नाही हा नियम माझा.

मी विचारलं, त्या शनिवारी फोन का केला होता? वहिनी म्हणाली, “रेडिओ उशाशीच होता. गोल झाला तसे उठून बसले. म्हणाले, छोट्याला विचारतो कसा मारला. मी म्हटलं, अहो, तोही रेडिओच ऐकत असेल, त्याला कसं दिसणार? तर म्हणाले, त्याला दिसतं.”

मी वहिनीसमोर रडलो. मोठ्याने. तिने मला पाणी दिलं. तिने मला पाणी द्यावं, ही उलटी गोष्ट, पण दिलं आणि मी प्यायलो.

निघताना तिने दादाचं वर्षभराचं तिकीट हातात ठेवलं. “यावर अजून सामना आहे एक. वाया नको जायला.”

घरी येऊन बायकोवर चिडायला गेलो, मला का नाही सांगितलंस म्हणून. तिच्याकडे पाहिलं आणि जमलं नाही. ती सांगायला तोंड उघडून थांबत होती, ते मीच लिहून ठेवलंय इथे.


९ मार्च, सोमवार

क्लबचं पत्रक आलं. १४ तारखेचा सामना शेवटचा. त्यानंतर संघ विसर्जित, मैदान ज्यांचं देणं आहे त्यांच्या ताब्यात. पत्रकात चाहत्यांचे आभार मानलेत.

डायरी सुरू केली तेव्हा वाटत होतं की हा दिवस लिहायला एक पान पुरणार नाही. वाचून घडी केली आणि गल्ल्यात टाकली. वाईट वाटतंय, खूपच वाटतंय, पण ज्याच्याजवळ जाऊन वाईट वाटून घ्यायचं तो नाही, त्यामुळे ते कुठे ठेवावं कळत नाही.

दुपारी नऊ नंबर दुकानात आला. लेन्स आता बसल्यात म्हणाला. पैसे देऊ लागला, मी घेतले नाहीत. म्हणाला, “तुमच्याबरोबर उंच गृहस्थ असायचे ते?” मी सांगितलं. त्याने पैसे परत खिशात घातले. मग म्हणाला, शनिवारी बघा.


१४ मार्च, शनिवार

लिहून टाकतो, क्रमाने.

मैदान भरलं होतं. वर्षभर ज्यांचं तोंड दिसलं नाही ते सगळे कपाटातले मफलर काढून आले होते. पूर्वी मी त्यांच्याकडे रागाने पाहिलं असतं. आज म्हटलं, येऊ देत. फाटकावर दोन्ही तिकिटं दाखवली. तिथल्या माणसाने दोन्हींवरचं शेवटचं कुपन फाडलं आणि मागे कोण आहे ते पाहिलं नाही.

पायऱ्या चढताना मी प्रत्येक वळणावर थांबलो. मैदान पहिल्या वळणावरून छान दिसत नाही. तिथून नुसती तिकीटघराची पाठ दिसते. दुसऱ्या वळणावर भिंत आहे.

रांगेत पोचलो. सात नंबर रिकामी बघत बसायची हिंमत नव्हती, म्हणून तिच्यावर मीच बसलो. शेजारच्या आठवर मफलर ठेवला. पहिल्या हाफमध्ये सात नंबरवर मी आयुष्यात कधी बसलो नव्हतो. तिथे नेहमी दादा.

बत्तिसाव्या मिनिटाला आमच्या पोरांनी मधून बॉल काढला. डावीकडून पुढे गेला, मग मध्ये नऊ नंबरकडे. त्याने तो छातीवर घेतला, वळला, दोन पावलं टाकली आणि खांबामागे गेला.

मग सगळं स्टँड उभं राहिलं. असा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. माझ्या पुढची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली होती, बसवाला मागून माझे खांदे हलवत होता आणि मी खांबाकडे बघत होतो. जुना हिरवा रंग, एके ठिकाणी पोपडा निघालेला, तिथे नखाने खरवडलेल्या बारीक खुणा. मी डावीकडे वळलो आणि म्हणालो, “कसा मारला?”

आठ नंबरवर मफलर होता.

पहिल्या हाफमध्ये आम्ही घड्याळाकडे खेळतो. खांबामागून घड्याळाकडचा गोल दिसत नाही. या दोन्ही गोष्टी मला नऊ वर्षांचा असल्यापासून माहीत आहेत. मी दोन्ही या डायरीत स्वतःच्या हाताने लिहिल्यात. त्या एकत्र कधी ठेवल्या नाहीत. लोकांचे डोळे तपासून पोट भरणारा माणूस मी.

दादाने अडतीस वर्षांत पहिल्या हाफमधला आमचा एकही गोल पाहिला नाही. म्हणून बाही ओढायचा. आणि दुसऱ्या हाफमध्ये, बाजू बदलली की, त्याच गोलात आमच्यावर गोल व्हायचे. तेव्हा तो आठवर बसून ते सगळे बघायचा आणि मी खांबामागे सुरक्षित. पहिल्याच सामन्यात मी तसा रडलो आणि पुढच्या सामन्याला त्याने नशीब बदलायचा शोध लावला. आमचे गोल सगळे माझ्या वाट्याला. दुसऱ्या हाफमध्ये खाल्लेले सगळे त्याच्या. निम्मी-निम्मी वाटणी म्हणत होतो मी तिला.

आणि त्याला म्हणालो, खांबामागे लपून बसलायस.

हाफटाइमला खाली उतरलो. मावशीकडे चहा घेतला. तिने काही विचारलं नाही, कळलं असणार. चव्वेचाळीस पायऱ्या चढून वर आलो आणि दुसऱ्या हाफला दादा बसायचा तिथे, आठवर बसलो. चार गोल खाल्ले. चारही नीट पाहिले. एकालाही मान फिरवली नाही. हे तो दर दुसऱ्या शनिवारी गिळून, बसमध्ये माझ्याशी गप्पा मारत घरी यायचा.

१-४. शिट्टी झाली. लोक बराच वेळ उभेच होते. काहींनी गवत खिशात घातलं, एकाने कॉर्नरचा झेंडा उपटून नेला. नऊ नंबर आमच्या स्टँडखाली आला आणि बाविसाव्या रांगेकडे बोट करून हात वर केला. चांगला दिसत असणार त्याला आता. मीही हात वर केला.

उतरताना बसवाल्याला विचारलं, गोल कसा होता? तो म्हणाला, डाव्या पायाने, जमिनीलगत. त्याच्या शेजारचा म्हणाला, छे, उजव्याने, कीपरच्या डोक्यावरून. फाटकावरचा म्हणाला, कुणाच्यातरी पायाला लागून आत गेला. तिघांनी पाहिलाय, तिघांचा वेगळा. यातला कुठलाच मला तुला सांगता येत नाही.

बायकोने ताट वाढलं, मी जेवलो. वहिनीला फोन केला, ती म्हणाली, “रेडिओवर ऐकला मी गोल.” आणि थांबली. मला कळलं ती काय विचारणार होती. तिने विचारलं नाही.

पानं बरीच कोरी राहिलीत. पुढे लिहिण्यासारखं काही होईल असं वाटत नाही. एवढंच लिहितो.

दादा, आज नऊ नंबरने कसा मारला ते मला दिसलं नाही. मी तुझ्या जागेवर बसलो होतो.